कारखाना परदेशी गेला, कामगाराचं काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयात शुल्क लावलं. विदर्भात त्याची चर्चा झाली ती कापसाच्या अंगाने, आणि ते साहजिक होतं. त्याच महिन्यात भारत सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं आणि ही सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. तिकडे कपड्यांच्या ऑर्डरी अडकल्या आणि इकडे परदेशी कापसाला दार उघडलं.

या बातम्यांच्या मागे अमेरिकेचं एक जुनं दुखणं आहे. आपले कारखाने परदेशी गेले, आपल्या कामगारांची कामं गेली, ही तक्रार तिथे कित्येक निवडणुकांमध्ये झाली आहे. मग त्या कामगारांसाठी तिथल्या सरकारने केलं तरी काय? आणि उद्या बुटीबोरीतला, हिंगणघाटातला किंवा अकोल्यातला कारखाना बंद झाला तर आपल्या माणसाला काय मिळतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या माणसालाही सहसा माहीत नसतं. म्हणून दोन्ही प्रश्न एकत्रच घेऊ.

फायदा सगळ्यांचा, तोटा मोजक्यांचा

समजा एखादी कंपनी अमेरिकेत शर्ट शिवत होती. तिने ते काम बांगलादेशात किंवा व्हिएतनाममध्ये नेलं, कारण तिथे मजुरी कमी आहे. शर्ट स्वस्त झाला. कोट्यवधी गिऱ्हाइकांचे प्रत्येकी थोडे पैसे वाचले आणि कंपनीचा नफा वाढला. देशाचा एकूण हिशेब मांडला तर बेरीज फायद्याचीच येते. पण ज्या गावात ती शिलाई चालत होती, तिथल्या हजार माणसांचा पूर्ण पगार एका महिन्यात थांबला. गावातलं किराणा दुकान, खानावळ, बस हे सगळं त्यांच्याच पगारावर चालत होतं. तेही हळूहळू मंदावलं.

आपल्याकडे हे समजायला धरणाकडे पाहावं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. पाणी हजारो शेतांना मिळणार होतं आणि गावं बुडणार होती ती भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली. ज्यांचं घर पाण्याखाली गेलं त्यांना सरकारने मोबदला आणि पुनर्वसन द्यावं, याबद्दल आपल्याकडे कोणी वाद घालत नाही. ते वेळेवर आणि पुरेसं मिळालं का, हा वेगळा आणि फार कडू विषय आहे. पण तो त्यांचा हक्क आहे हे सगळे मानतात, कारण त्यांचं नुकसान सगळ्यांच्या फायद्यासाठी झालेलं असतं. कारखाना परदेशी गेल्यावर कामगाराला मदत द्यायची, यामागचा विचार नेमका हाच आहे. परदेशाशी व्यापार खुला करायचा निर्णय देशाने देशाच्या फायद्यासाठी घेतलेला असतो. त्या निर्णयाची किंमत ज्याच्या घरावर पडली, त्याला वाऱ्यावर सोडू नये.

अमेरिकेची योजना

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात, १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्यात हा विचार पहिल्यांदा आला. योजनेचं नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स. पुढे तिला टीएए म्हणू.

सुरुवातीची हकीकत वाचून वाईट वाटतं. अटी इतक्या कडक होत्या की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. कायद्यात मदत होती, कामगाराच्या हातात काहीच नव्हतं. १९७४ च्या कायद्याने अटी सैल केल्या तेव्हा योजना खऱ्या अर्थाने चालू झाली. २००२ मध्ये तिचा आवाका वाढला. नुसती आयात वाढली म्हणून नाही, तर कंपनीने स्वतःच उत्पादन व्यापारी करार असलेल्या देशात हलवलं म्हणून काम गेलं तरी मदत मिळू लागली. बंद पडलेल्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यातले लोकही आत आले. २००९ मध्ये सेवाक्षेत्रातले कर्मचारी घेतले गेले आणि काम कोणत्या देशात गेलं ही अटही सुटली. म्हणजे ज्यांचं काम भारतात किंवा चीनमध्ये आलं, तेही पात्र झाले. अमेरिकेतून आपल्याकडे आलेल्या कामाने आपल्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या, तेव्हा तिकडच्या माणसाला या योजनेचा आधार होता, हे इथे नोंदवून ठेवावंसं वाटतं.

अर्ज कामगारांना स्वतः करता यायचा. एकाच ठिकाणचे तीन कामगार एकत्र आले तरी पुरे. संघटना किंवा कंपनीही अर्ज करू शकत होती. मग केंद्राचं कामगार खातं चौकशी करायचं: काम खरंच आयातीमुळे किंवा उत्पादन बाहेर नेल्यामुळे गेलं का? उत्तर हो आलं तर त्या गटाला दाखला मिळायचा. आपल्याकडे प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, तसंच तिथे या दाखल्यावर सगळं अवलंबून होतं.

दाखला हातात आला की मिळायचं ते असं. बहुतेक राज्यांत नेहमीचा बेकारी भत्ता २६ आठवड्यांचा असतो. टीएएमुळे दोन्ही मिळून तो १३० आठवड्यांपर्यंत, म्हणजे अडीच वर्षं जाऊ शकत होता. मात्र त्यासाठी नवीन काम शिकायला नाव नोंदवावं लागे. शिकण्याची फी सरकार भरे. दुसऱ्या गावी मुलाखतीला जायचं किंवा घरदार हलवायचं तर खर्चाचा बराचसा भाग ठरलेल्या मर्यादेत परत मिळे.

माझ्या मते यातली सगळ्यात शहाणी तरतूद पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी होती. या वयाच्या माणसाला वर्गात बसवून नवा धंदा शिकवणं अवघड असतं. त्याला मिळेल ती नोकरी कमी पगाराची असते. म्हणून जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम सरकार दोन वर्षांपर्यंत देत असे. त्याची कमाल मर्यादा १० हजार डॉलर होती आणि नव्या नोकरीचा पगार वर्षाला ५० हजार डॉलरच्या आत असावा लागे. घरी बसून भत्ता घेण्यापेक्षा माणूस लवकर कामाला लागे, आणि पगार कमी झाल्याचा धक्काही थोडा सोसवे.

हे सगळं भूतकाळात लिहिलं, कारण १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना मंजुरी देणं थांबलं. योजनेची मुदत संपली आणि अमेरिकी संसदेने ती वाढवली नाही. आधी मंजूर झालेल्यांनाच पुढचे लाभ मिळत राहिले.

उपयोग झाला का?

यावर अभ्यास झाले आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. २०१२ मध्ये आलेल्या एका सरकारी मूल्यमापनात दिसलं की टीएए घेतलेल्यांची चार वर्षांनंतरची कमाई तशाच इतर बेरोजगारांपेक्षा कमी होती. याचा एक भाग समजण्यासारखा आहे. शिकायला बसलेला माणूस तेवढा काळ कमावत नाही. पुढे बेंजामिन हायमन या अर्थतज्ज्ञाने दहा वर्षांचा हिशेब घेतला. अर्ज कोणत्या चौकशी अधिकाऱ्याकडे जातो हा बराचसा योगायोग असतो, आणि काही अधिकारी सढळ असतात तर काही कडक. त्यामुळे मिळतीजुळती परिस्थिती असलेल्या पण मंजूर आणि नामंजूर झालेल्या कामगारांची तुलना त्याला करता आली. मंजुरी मिळालेल्यांनी दहा वर्षांत सुमारे ५० हजार डॉलर जास्त कमावले होते. फायदा पहिल्या वर्षांत मोठा होता आणि पुढे ओसरत गेला.

योजनेचं खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. ती फार थोड्यांपर्यंत पोचली. चीन २००१ च्या डिसेंबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला आणि अमेरिकेतल्या कारखानदारीच्या गावांना मोठा फटका बसला. त्या गावांमध्ये वाढलेल्या सरकारी खर्चात टीएएचा वाटा अगदी किरकोळ होता. लोक अपंगत्वाच्या पेन्शनवर आणि आरोग्याच्या मदतीवर गेले. चाळिशी-पन्नाशीतला माणूस काम मिळत नाही म्हणून कायमचा पेन्शनीत निघाला.

माझ्या दृष्टीने याचं मूळ त्या दाखल्यात आहे. काम व्यापारामुळेच गेलं हे सिद्ध करा, असं म्हटलं की आधी सिद्ध करण्याची लढाई सुरू होते. एखाद्या कारखान्यात आयात, नवं यंत्र, मालकाचं कर्ज आणि घटलेली मागणी अशी चार कारणं एकत्र असतात. कामगाराने त्यातलं एक वेगळं काढून दाखवायचं कसं? युरोपने २००७ मध्ये जागतिकीकरणाचा फटका बसलेल्यांसाठी निधी काढला आणि पुढच्या काळात कारणांची अट सैल करत नेली. आता एखाद्या मोठ्या फेरबदलात साधारण २०० कामगारांचं काम गेलं तर सदस्य देश मदत मागू शकतो, मग कारण व्यापार असो की यंत्र.

आपल्याकडे असं काही होतं का?

होतं, आणि कापूसपट्ट्याशी थेट जोडलेलं होतं. १५ सप्टेंबर १९८६ पासून केंद्राने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी सुरू केला. खासगी कापडगिरणी कायमची बंद झाली तर कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत, अशी ती योजना होती. दुसरं काम लागलं की मदत थांबे. १ एप्रिल २०१७ पासून ती कामगार मंत्रालयाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. त्याशिवाय १९९२ मध्ये आर्थिक सुधारणांसोबत राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. कामगारांना नवं काम शिकवून दुसरीकडे लावायचं असं ठरलं होतं, पण त्यातला बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांच्या स्वेच्छानिवृत्तीतच गेला.

आज मिळतं ते दोन ठिकाणांहून: मालकाकडून आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून, म्हणजे आपण ज्याला ईएसआयसी म्हणतो त्याच्याकडून.

मालकाकडून आधी घेऊ. कारखाना बंद करताना किंवा कामगार कपात करताना सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो. ग्रॅच्युइटी वेगळी. पीएफ तर स्वतःचीच बचत, ती कोणाची मेहेरबानी नाही. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मालक म्हणेल की बाहेरचा माल स्वस्त आला, आमच्याकडे साठा पडून राहिला, तोटा झाला, तेव्हा भरपाई कमी द्यावी लागेल. कायदा हे मानत नाही. फक्त मालकाच्या हाताबाहेरच्या अपरिहार्य कारणाने कारखाना बंद झाला तर भरपाईला तीन महिन्यांच्या पगाराची मर्यादा लागते, आणि नुसती आर्थिक अडचण किंवा न विकलेला साठा हे तसं कारण धरलं जात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कारखाना बंद करायला सरकारची आगाऊ परवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागे, आता ३०० पासून लागते. विदर्भातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये ३०० च्या आतले कारखाने भरपूर आहेत, म्हणून हा बदल आपल्याला जवळचा आहे. सोबत एक नवी तरतूद आली: कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. १५ दिवसांच्या पगारात कोणतं कौशल्य शिकून होतं, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण जे आहे ते मागून घ्यावं.

ईएसआयसीचा भत्ता

महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी ईएसआयसीत जाते. बहुतेकांना वाटतं हे फक्त दवाखान्यासाठी आहे. त्यातच बेकारीचा आधारही आहे.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना ही त्यातली छोटी. १ जुलै २०१८ पासून ती सुरू आहे. काम गेल्यावर ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम मिळते, तीही आयुष्यात एकदाच. किमान दोन वर्षं विम्याखाली नोकरी आणि ठरलेल्या काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. काम गेल्यानंतर ३० दिवसांनी कामगार स्वतः दावा करू शकतो. मोठी योजना म्हणजे वर आलेली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर पहिले बारा महिने निम्मा पगार, पुढचे बारा महिने पाव पगार. त्या काळात घरच्यांचा दवाखाना चालू राहतो आणि काम शिकायची फी व प्रवासखर्चही ईएसआयसी देते. दोन्ही योजनांचा भत्ता एकाच काळासाठी मिळत नाही.

१८ हजार पगाराचा आणि दहा वर्षं सेवेचा कामगार घेऊ. मालकाची भरपाई साधारण ९० हजार होते. श्रमिक कल्याण योजनेतून पहिल्या वर्षी महिना ९ हजार आणि दुसऱ्या वर्षी महिना साडेचार हजार, म्हणजे मिळून १ लाख ६२ हजार. अटल योजना घेतली तर फक्त २७ हजार. दोन्हीतला फरक पाहा. कोणता फॉर्म भरायचा हे माहीत नसलं तर एका घराचं लाखभराहून जास्त नुकसान होऊ शकतं.

आपल्याकडे कारखाना परदेशी गेला की शेजारच्या राज्यात गेला, हे ईएसआयसी विचारत नाही. या बाबतीत आपली रचना अमेरिकेच्या टीएएपेक्षा सरळ आहे. पण ती विचारते ते वेगळं: तुमचं नाव नोंदीत आहे का?

ठेकेदाराच्या माणसाचं काय?

इथेच आपलं सगळ्यात मोठं भोक आहे. समुद्रपूर, सेलू, हिंगणा भागातून रोज कंपनीच्या बसने जाणारी कितीतरी पोरं ठेकेदाराच्या नावावर असतात. ठेकेदार बदलतो तसा विम्याचा नंबर बदलतो, कधी नंबरच निघत नाही. कायद्याने ठेक्यावरच्या कामगाराचीही ईएसआयसी वर्गणी भरली जाईल ही जबाबदारी मूळ कारखानदारावर आहे. ठेकेदाराने भरली नाही तर ती कारखानदाराने भरायची. त्यामुळे कारखाना चालू आहे तोवरच आपला विमा क्रमांक काढून घ्या आणि दर महिन्याची वर्गणी ईएसआयसीच्या पोर्टलवर जमा होते का ते बघत राहा. पगारपावती मागा, मिळाली की मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. गेटला कुलूप लागल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.

आणि जिनिंगवाले?

विदर्भात कापसाचा सगळ्यात मोठा कारखाना म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारी गावोगावची जिनिंग-प्रेसिंग. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चालते, पुढे बंद. ईएसआयसीच्या कायद्यात 'हंगामी कारखाना' वगळलेला आहे, आणि हंगामी म्हणजे काय याच्या व्याख्येत कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग नाव घेऊन लिहिलेलं आहे. नव्या संहितेनेही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला. म्हणजे देशात कापूसपट्टा म्हणून ज्या भागाची ओळख, त्याच भागातल्या कापूस कामगाराला बेकारी भत्ता नाही आणि विम्याचा दवाखानाही नाही. त्याला ग्रॅच्युइटी मिळते ती प्रत्येक हंगामामागे सात दिवसांच्या पगाराने. रेचणीजवळ रुईच्या धुळीत राबणाऱ्या बाया-माणसांना हे वगळणं कोणत्या न्यायाने पटवून द्यायचं? परदेशी कापसामुळे एखादी जिनिंग हंगामात दोन महिने कमी चालली तर त्यांचे ते दोन महिने कुठल्याच कागदावर येत नाहीत. आपल्या खासदार-आमदारांकडे मागायची पहिली गोष्ट कोणती, असं मला विचाराल तर ती ही.

"त्याले काय फरक पडते, घरी वावर हाये ना!"

ही शंका गावात हमखास येते. कामगाराकडे चार एकर कोरडवाहू असतं, म्हणून त्याला मदतीची काय गरज, असं बोललं जातं. हिशेब उलटा आहे. बियाणं, खत, फवारणी आणि सोयाबीनच्या मळणीचे पैसे त्याच पगारातून जात होते. पगार थांबला की पेरणीला सावकार किंवा सोनंतारण आलंच. शिवाय दोन भावांच्या वावरात तिसरा माणूस आला म्हणून कापूस जास्त येत नाही, वाटेकरी तेवढा वाढतो. बेकारी भत्ता जमीन पाहून ठरत नाही, विमा भरला होता की नाही ते पाहून ठरतो, आणि ते योग्यच आहे.

"पण आपल्या गिरण्या कुठे परदेशी गेल्या?"

खरंय, त्या परदेशी गेल्या नाहीत. १८७७ मध्ये टाटांनी सुरू केलेली नागपूरची एम्प्रेस मिल, पुलगाव आणि बडनेऱ्याच्या गिरण्या थकल्या त्या जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, नवी गुंतवणूक न होणं आणि कारभार यांमुळे. अचलपूरची फिनले मिल तर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, ती २०२० च्या कोरोना टाळेबंदीत थांबली. पण २००५ पासून कापड व्यापारातले जागतिक कोटे संपले, आणि आज हिंगणघाटातल्या सुताचा भाव दूर देशातल्या ऑर्डरीवर हलतो. यापुढच्या बंद कारखान्यांमध्ये परदेशाचा हात जास्त असणार. कारण शोधत बसण्यापेक्षा कोणत्याही कारणाने काम गेलं तरी आधार मिळेल अशी तरतूद बळकट करणं शहाणपणाचं आहे.

"फुकट मिळालं की कोण काम करतंय?"

निम्म्या पगारावर कोणी आरामात जगत नाही. आणि हा पैसा फुकटचा नाही, कामगाराच्या आणि मालकाच्या वर्गणीतून जमलेला आहे. खरा धोका वेगळा आहे. हातात काहीच नसलेला माणूस आठव्या दिवशी मिळेल ते काम धरतो. चाळीस वर्षांचा कुशल फिटर विटा वाहायला जातो आणि त्याचं कसब कायमचं वाया जातं. तीन-चार महिन्यांचा आधार असला तर तो आपल्या कामाची नोकरी शोधू शकतो.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर

हा प्रसंग आता वारंवार येतो, म्हणून नीट समजून घ्या. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली प्रकरण गेलं की ज्यांचं कंपनीकडे येणं आहे त्यांनी आपले दावे सादर करावेत अशी जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. त्यात मुदत असते. बँका वकील लावून दावा करतात आणि कामगार मात्र मालक बोलावेल म्हणून घरी थांबतो. कामगारांना वेगवेगळा दावा करता येतो, किंवा एक प्रतिनिधी नेमून सगळ्यांचा मिळून करता येतो. दावा नेमलेल्या व्यावसायिक अधिकाऱ्याकडे जातो, कंपनीच्या मॅनेजरकडे नाही. कंपनी मोडीत निघाली तर आधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात, आणि पीएफ व ग्रॅच्युइटीच्या निधीतला पैसा बँकांना वाटता येत नाही. नेमणूकपत्र, पगारपावत्या, ओळखपत्र, हजेरीचा काही पुरावा, बँकेत पगार जमा झाल्याचं पासबुक, यातलं जे असेल ते दाव्याला जोडावं. एकट्याने नागपूरला खेटे घालण्यापेक्षा एका गेटच्या वीस जणांनी मिळून एक यादी करावी, एका शिकलेल्या पोराला फॉर्म भरायला बसवावं आणि त्याची एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी.